नट घरी जातो, बाई तिथेच राहते

मामा चांदूर रेल्वेचे कास्तकार. वावरात कपाशी, सोयाबीन, तूर. मी नोकरीला अमरावतीत, सुट्टीला चांदुरात. रात्री जेवणं झाली की मोबाइल टीव्हीला जोडायचा, काहीतरी लावायचं आणि संपलं की त्यावर बोलत बसायचं, हा आमचा यंदाच्या पावसाळ्यातला परिपाठ. मामांना सिनेमा आवडतो, मला डॉक्युमेंट्री. एवढ्यावरून आमचं रोज वाजतं.

यंदा पाहिलेलं बरंचसं आमच्याच मुलखाबद्दलचं होतं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर गेल्या आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरे इकडे वळले. पुढच्या चार-पाच वर्षांत वऱ्हाडाबद्दल जेवढं चित्रित झालं तेवढं त्याआधी कधी झालं नसावं. त्यातलं काही आम्ही आता, इतक्या वर्षांनी, घरी बसून पाहिलं. त्यावरचं बोलणं इथे उतरवते आहे, कारण त्यातून निघालेला एक प्रश्न आमच्या घरापुरता राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मामा : मले 'गाभ्रीचा पाऊस' सिनेमा पटला. काहून सांग? त्यातली बाई नुसती रडत नाई बसत. शेजारी जीव देते, अन् हिच्या मनात धसका बसते का आता आपला नवरा. मंग पोराले सांगते, बापाच्या मागं मागं फिर, त्याले एकटा सोडू नको. हे खरं आहे. अशा बाया म्या पाह्यल्या. नवरा संडासले गेला तरी दारात उभ्या राह्यणाऱ्या.

मी : सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी. दोघंही पुण्याकडचे.

मामा : असू दे. पण बोली कशी बोलले? आपली बोली टीव्हीवर आली का लोक हासाले तयारच बसते. मानूस वऱ्हाडीत बोलला का तो इनोदीच असला पाह्यजे, असं ठरलं आहे. डायरेक्टर सतीश मन्वरनं त्याच बोलीत दुःख सांगतलं. माह्या आयुष्यात म्या पडद्यावर पह्यल्यांदा आयकलं का वऱ्हाडी मानूस वऱ्हाडीत रागावते, भेते, बायकोले समजावते, अन् कोणी हासत नाई.

मी : ते मान्य. पण त्या रात्री आपण गोष्टीबद्दल बोललो, मामा. ती अशी का वागली, पाऊस तेव्हाच का आला, असं. 'नीरोज गेस्ट्स' ही डॉक्युमेंट्री पाहिली त्या रात्री आपण माणसांबद्दल बोललो. अकोला जिल्ह्यातले श्रीकृष्ण कळंब शेतकरी होते आणि कवी होते. त्यांनी जीव दिला. पत्रकार पी. साईनाथ त्यांच्या घरी जातात, मुलींशी बोलतात. हेच एखाद्या सिनेमात असतं, तर शेतकऱ्याला कवी केलं ही लेखकाची करामत वाटली असती. आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. इथे तसं म्हणायची सोय नाही. तो माणूस होता. त्यानं कपाशी पेरली आणि कविता लिहिल्या.

मामा : तेच तं मले सहन होत नाई. तू पाह्य, गिरीश कुलकर्णीनं त्या बाईचा नवरा, किसना केला. शूटिंग संपलं, तोंड धुतलं, पुण्याले गेला. त्याले रस्त्यात थांबवून कोणी इचारत नाई का तुह्यावर कर्ज किती. पण डॉक्युमेंट्रीतल्या बाईचं काय? ते तथीच राह्यते. त्याच घरात, त्याच गावात. तिच्या पोरीची सोयरीक जमवाची असते. पाह्यणा येते तवा आधी चौकशी करते, या घरात काय झालं होतं. आता तं चौकशीचीही गरज नाई, मोबाइलवर लावून पाह्यते. सिनेमात नट आपल्या वाटचं उघडं पडणं स्वतःवर घेते. तेच्यासाठीच तं असते नट.

हा मुद्दा मी याआधी कोणाकडून ऐकला नव्हता. डॉक्युमेंट्रीबद्दल शहरात जी चर्चा होते ती खरं-खोटं, बाजू, संकलन यांभोवती फिरते. चेहरा दाखवल्यानंतर त्या चेहऱ्याच्या बाईला त्याच गल्लीतून पाणी आणायला जावं लागतं, हे गावात राहणाऱ्यालाच सुचतं. तरीही माझं म्हणणं मी सोडलं नाही.

मी : त्या बाईला कोणी झाकून ठेवलं होतं का, मामा? घरधनी गेला की एक लाखाच्या सरकारी मदतीसाठी तिच्या दारात कोण कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे. तलाठी येतो, पोलीस येतात. सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचं की सावकाराचं? सावकाराचं असेल तर कागद कुठे आहे? दारू पीत होता का? मग जिल्ह्याची कमिटी बसते आणि ठरवते, हे मरण 'पात्र' की 'अपात्र'. तिला प्रश्न सगळ्यांनी विचारले. उत्तर पुरं होईपर्यंत ऐकून घेणारा पहिला माणूस जर कॅमेरा घेऊन आला असेल, तर तिनं का बोलू नये?

मामा : बोलावं. बोलल्यानं छाती हलकी होते, हे म्या नाई कुठी म्हटलं? पण बोलणं एक अन् जगाले दाखवणं दुसरं. तिनं दारात आलेल्या मानसाले सांगतलं. तिले कोणी म्हटलं होतं का, हे परदेशातल्या लोकायले दाखवू?

मी : साईनाथांचा रोख वेगळा आहे. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय की नीरो बादशहाच्या बागेत रात्री उजेडासाठी कैद्यांना जिवंत जाळलं जायचं. साईनाथ विचारतात, नीरो तर क्रूर होताच, पण त्या बागेत मेजवानीला आलेले पाहुणे कोण होते? माणूस जळत असताना ज्यांच्या तोंडात घास गेला ते? मुंबईच्या फॅशन वीकला ५१२ पत्रकार हजर होते आणि तिथे सुती कपड्यांचं कौतुक चाललं होतं, तेव्हा कापूस पिकवणारे जिथे मरत होते त्या विदर्भात बाहेरून आलेले पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते, हे ते सांगतात. ही डॉक्युमेंट्री त्या पाहुण्यांना लाज वाटावी म्हणून आहे.

मामा : बरोबर बोलली. पाहुण्यासाठी आहे. आपल्यासाठी नाई. मंग आपण कोण त्यात? आपण जळणारे. जळणाऱ्याले काय दाखवतं का तू जळून रायला?

या वाक्यावर त्या रात्री बोलणं थांबलं होतं.

मधल्या एका रविवारी 'बिटर सीड्स' पाहिली. मिखा पेलेड या परदेशी दिग्दर्शकाची २०११ची डॉक्युमेंट्री, यवतमाळ जिल्ह्यातल्या तेलंग टाकळीत चित्रित झालेली. शेतकऱ्याची एक मुलगी पत्रकार व्हायचं ठरवते आणि आपल्याच गावातल्या आत्महत्यांबद्दल लिहू पाहते, हा तिचा धागा. मुलगी मामांना फार आवडली. डॉक्युमेंट्री नाही.

मामा : सगळं पाप बियाण्याच्या थैलीत भरून टाकलं. म्या बीटी कपाशी लावली आहे, व. २००२ साली परवानगी भेटली, मंग दोन-चार वर्षांत आपल्याकडं सगळ्यायनं लावली. पह्यल्या पह्यल्या सालात हिरव्या अळीच्या फवारण्या कमी झाल्या, हे बी तं सांगा. मंग गुलाबी बोंडअळी आली, २०१७ले तं बोंडं फोडून पाह्यलं का आत अळीच. बियाणं महाग, ते बी खरं. पण ओलीत नाई, भाव नाई, बँक दारात उभं करत नाई, पोरीचं लगन तोंडावर. हे सगळं संगं असते. एकाच गोष्टीवर बोट ठेवलं का बाहेरच्या मानसाले समजाले सोपं जाते. आपल्याले तं ते सोपं नसते न?

मी : मुलीच्या लग्नाची आणि सावकाराची गोष्ट आहे की त्यात.

मामा : आहे. पण घरी जाताना पाह्यणारा काय घेऊन जाते? बियाणं.

इथे मामांचं बरोबर आहे असं मी म्हणेन. डॉक्युमेंट्रीत खरी माणसं असली म्हणून तिचा निष्कर्ष आपोआप खरा होत नाही. मी त्यांना 'रायटिंग विथ फायर'चं उदाहरण दिलं. बुंदेलखंडातल्या दलित महिला पत्रकारांच्या 'खबर लहरिया'वरची ती डॉक्युमेंट्री ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली, आणि मार्च २०२२ मध्ये खुद्द 'खबर लहरिया'नं जाहीर केलं की यात आमच्या कामाचं अपुरं चित्र उमटलं आहे. जिच्यावर चित्रित झालं तिला उलट बोलता आलं, कारण तिच्या हातात स्वतःचं माध्यम होतं. तेलंग टाकळीच्या शेतकऱ्याकडे काय होतं?

पण मामांची सिनेमावरची माया सरसकट नाही, हे 'शेरनी'च्या वेळी कळलं. त्या रात्री आमच्या जागा बदलल्या.

मामा : हे पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीचंच आहे न? टी-वन. नाव बदललं, राज्य बदललं, मध्यप्रदेशात नेलं. विद्या बालन चांगली आहे, जंगल चांगलं आहे. पण तेरा मानसं मारल्याचा ठपका होता त्या वाघिणीवर. ते तेरा घरं कुठी आहे सिनेमात? कपाशी येचाले बाया वावरात जात नव्हत्या, गडी जागलीले जात नव्हता. शेवटी पाह्यणाऱ्याच्या मनात वाघीण राह्यते अन् साहेबीण राह्यते. मेलेली बाई कोणाच्या ध्यानात राह्यली?

मी : तरी गोष्ट म्हणून जे सांगता आलं ते बघा. २ नोव्हेंबर २०१८ला अवनीला गोळी घातली, तेव्हापासून कोर्ट, वनखातं, शिकारी, प्राणीप्रेमी सगळे एकमेकांवर धावून गेले. खरी नावं घेऊन कोणी सिनेमा केला असता तर तो नोटिशींत अडकून पडला असता. दिग्दर्शक अमित मसुरकरांनी नावं बदलली म्हणून पुढारी आणि शिकारी यांची दोस्ती, बदलीची भीती, वरिष्ठांची शेरोशायरी हे सगळं मोकळेपणानं दाखवलं. डॉक्युमेंट्रीला ही मुभा नसते.

मामा : पाह्य, आता तू सिनेमाची वकिली करून रायली.

मी : जिथे बोलायची भीती असते तिथे सिनेमा हवाच. जिथे कोणी ऐकतच नाही तिथे डॉक्युमेंट्री हवी. माझं म्हणणं एवढंच आहे.

मग एका संध्याकाळी मामांनी स्वतः होऊन मागणी केली, 'देवकीनंदन गोपाळा' लाव. गाडगेबाबांवरचा १९७७चा सिनेमा, डॉ. श्रीराम लागूंचा. दिग्दर्शक राजदत्त. त्यांचा जन्म आमच्या शेजारच्या धामणगावचा. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा या पट्ट्यात ज्यांना आनंद झाला त्यांत मामा होते. हा सिनेमा त्यांनी पोरवयात अमरावतीला थिएटरात पाहिला होता. बाया हात जोडून बसल्या होत्या, असं ते सांगतात. लागूंच्या डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा, आणि पंचवीस वर्षांखालच्या ज्या पोरांनी बाबांना पाहिलं नव्हतं त्यांना ते त्या दिवशी दिसले.

मामा : बाबा गेले १९५६ले, २० डिसेंबरले, वलगावजवळ. म्या त्याईले पाह्यलं नाई. माह्या पिढीनं पाह्यलं ते लागूंमंदी पाह्यलं. आता सांग, त्या सिनेमानं केलं ते काम कोणती डॉक्युमेंट्री करणार होती? बाबा गावोगाव फिरत होते तवा त्याईच्या मागं कॅमेरा घेऊन कोण फिरलं?

मी काही न बोलता बांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण लावलं. बाबांच्या अखेरच्या महिन्यांतलं ते कीर्तन. चित्र नाही, फक्त आवाज. बाबा प्रश्न विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात. देव, कर्ज, शिक्षण, दारू, सगळं सवाल-जवाबात. घसा बसलेला, पण वऱ्हाडी बोली तशीच रोखठोक. समोरची मुंबईची माणसं हसतात, ओशाळतात, मोठ्यानं 'नाही' म्हणतात. त्या माणसांचे आवाजही त्यात टिकून राहिलेत. मामांनी ते पूर्ण ऐकलं, मध्ये उठले नाहीत.

मामा : हे येगळंच आहे. लागू मोठा मानूस, पण हे त्याले नाई जमत. हे कोणालेच नाई जमत. यात लोकं बोलते न बाबाले.

मी : हीच डॉक्युमेंट्री, मामा. कोणीतरी त्या रात्री यंत्र सुरू केलं म्हणून आज चांदुरात बाबा बोलले.

मामा : पण यात अन् त्या बाईच्या डॉक्युमेंट्रीत फरक आहे. बाबा चारचौघांत बोलून रायले होते, लोकायनं आयकावं म्हणूनच बोलत होते. त्या बाईले दुःखानं बोलतं केलं.

पुढे बोलता बोलता विषय मागे गेला. मामांना आठवतं ते सिनेमाच्या आधी थिएटरात दाखवलं जाणारं फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र. १९४८ साली सरकारनं ही संस्था काढली आणि तिचे लघुपट प्रत्येक थिएटरला दाखवणं सक्तीचं होतं. धरण, कारखाना, पंतप्रधानांचा दौरा, आणि वरून एक जड आवाज. लोक मुद्दाम उशिरा यायचे. डॉक्युमेंट्री म्हणजे सरकारी भाषण हा समज आपल्याकडे तिथून घट्ट झाला. खरं तर आपल्या चलच्चित्रांची सुरुवातच तिच्यानं झाली. सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, पण त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण करत त्याचं रोपटं वाढताना पडद्यावर दाखवलं आणि त्या फिल्मच्या जोरावर भांडवल मिळवलं. हे ऐकून मामा खूश झाले. पेरलेलं उगवताना पाहणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम.

शेवटचा वाद झाला तो आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या डॉक्युमेंट्रीवर. तीन तासांहून अधिक लांबी, आम्ही दोन रात्रींत पाहिली. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तिथून चित्रण सुरू केलं आणि चौदा वर्षं चालू ठेवलं. या डॉक्युमेंट्रीचं नाव मी मुद्दाम पुढे केलं होतं, कारण मामांचा मूळ आक्षेप माझ्या डोक्यातून जात नव्हता.

मी : हे लोक येतात, घेतात, जातात, असं तुम्ही म्हणता. हा माणूस चौदा वर्षं गेला नाही. कोर्टात खटला चालला तेव्हा होता, शाहिरांची पोरं मोठी झाली तेव्हा होता. आणि तयार झाल्यावर मुंबईच्या वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवली. ज्यांची होती त्यांच्यासमोर.

मामा : हे झालं खरं काम. आता मले एक सांग. 'नीरोज गेस्ट्स' पह्यले कुठी दाखवली?

मी : ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात, २००९ साली.

मामा : 'बिटर सीड्स'?

मी : तिथेच. २०११ला बक्षीस मिळालं.

मामा : अन् 'गाभ्रीचा पाऊस'?

मी : रॉटरडॅम. तेही हॉलंडच.

मामा : म्हणजे आपलं दुःख हॉलंडनं पाह्यलं. सिनेमा असो का डॉक्युमेंट्री. चांदुरात कोणी लावलं? तिवस्यात, नेरमंदी, दारव्ह्यात लावलं? मी अथीच होतो न, मले तं कोणी बोलावलं नाई. मी इतके दिवस भांडून रायलो का डॉक्युमेंट्रीनं बाईले उघडं पाडलं. पण तिनं स्वतः पाह्यली का? तिले कोणी इचारलं का, बाई, यात काय चुकलं? गावानं संगं बसून पाह्यली असती तं गावाले बी समजलं असतं का हे एकट्या तिच्या घरचं नाई. मंग सोयरीक पाहाले येणारा बी येगळं बोलला असता.

मी त्यांना सांगितलं की महोत्सवात दाखवणं वाईट नाही, तिथूनच पुढे पैसा आणि प्रेक्षक मिळतात. त्यांना ते कळतं. त्यांचं म्हणणं आधी-नंतरचं नव्हतंच. एवढ्या वर्षांत ती फेरी आमच्या गावापर्यंत पूर्ण झालीच नाही, हे त्यांना लागलं होतं, आणि आता मलाही लागलं आहे. सिनेमा बरा की डॉक्युमेंट्री, यावर आमचं अजून एकमत नाही. मामा म्हणतात नट हवा, मी म्हणते चेहरा हवा. पण दोन्ही आपल्या गावात, आपल्या माणसांबरोबर पाहिलं पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत.

म्हणून वऱ्हाडातल्या गणेश मंडळांना, वाचनालयांना, महाविद्यालयांच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. मंडपात पडदा लागतोच, प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. एक रात्र 'गाभ्रीचा पाऊस' ठेवा, दुसऱ्या रात्री 'नीरोज गेस्ट्स'. निर्मात्यांची परवानगी रीतसर घ्या. नंतर खुर्च्या लगेच उचलू नका, लोकांना बोलू द्या, विशेषतः बायांना. आणि मामांची अट त्यांच्याच शब्दांत : ज्या घरात असं झालं आहे, त्या घरी दोन दिवस आधी जाऊन इचारा. ते नको म्हणाले तं लावू नका.